हिराताई आणि नवरीची पाठ

हिराताई पाटलांशी मी जवळजवळ सगळी नोकरी भांडलो, आणि तेही एका डोंगरावरून. माणसं जमिनीवरून भांडतात, पाण्यावरून भांडतात. आमच्या कंपनीत तर कँटीनच्या रश्श्यात बटाटा कोणाला जास्त आला यावरूनही भांडणं होत. आम्ही दोघं मात्र टाइम ऑफिसात समोरासमोर बसून, ज्याच्या सातबाऱ्यावर आमच्यापैकी कोणाचंही नाव नव्हतं अशा डोंगराच्या दोन माथ्यांपैकी नवरी कोणती आणि करवली कोणती, यावर भांडत होतो. मागच्या वर्षी हिराताई गेल्या. आता माझं म्हणणं खोडायला कोणी नाही, आणि मला करमत नाही.

आधी डोंगर सांगतो, म्हणजे हिराताई सांगता येतील. पेण आणि रोह्याच्या मध्ये, हायवेपासून बराच आत, दोन डोक्यांचा एक डोंगर आहे. आमच्या रोह्याच्या बाजूने पाहिलं तर पुढे एक भरदार, गवताळ माथा दिसतो आणि त्याच्या खांद्याआडून दुसरा एक काळा, वेडावाकडा कातळ नुसतं डोकं काढून बघत असतो. पुढची ती नवरी आणि मागची ती तिची करवली, असं मला माझ्या वडिलांनी सांगितलं आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. आमच्या घराण्यातला एकही माणूस त्या डोंगरावर कधी गेला नव्हता, पण ज्ञान मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं.

हिराताई खाडीकडच्या. पेणच्या पलीकडे खारेपाटात त्यांचं गाव आणि घरचं काम मिठागरावरचं. "आमच्या गावात उंच म्हंजे मिठाची रास," असं त्या सांगायच्या. त्या सपाट मुलखातून हा डोंगर फार मोठा दिसतो आणि एकाच डोक्याचा दिसतो. कारण तिकडून तो काळा कातळ पुढे येतो आणि आमची भरदार नवरी त्याच्यामागे पार झाकून जाते. त्यामुळे त्यांच्या गावची माणसं त्या कातळालाच नवरी म्हणत. उन्हाळा संपत आला आणि त्याच्यावर पहिला ढग टेकला, की मिठागरावर हाक जायची, "नवरीनं पदर घेतला!" मग हातातलं टाकून सगळे धावत सुटायचे आणि मिठाच्या राशींवर पेंढा आणि झापं घालायचे. हिराताईंचं लहानपण या हाकेवर धावण्यात गेलं होतं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी नोकरीला नवा होतो. त्या माझ्या आधी काही वर्षं लागलेल्या, सीनियर. एका दुपारी त्या खिडकीशी उभ्या राहून स्वतःशीच म्हणाल्या, "नवरीनं पदर घेतला."

नव्या माणसाला आपली हुशारी दाखवायची घाई असते. मी म्हणालो, "मॅडम, ढग आलाय ती मागची करवली. नवरी पुढची."

त्यांनी चष्मा काढला. "कुठले तुमी?"

"रोह्याचा. इथलाच."

"मग तुमचा काय दोष नाय. रोहेकरांना नवरीची पाठ दिसते. तोंड आमच्याकडं हाय." एवढं बोलून त्या हजेरीच्या कामाला लागल्या. मला याच्यावर सणसणीत उत्तर सुचलं, पण ते दोन दिवसांनी, घरी दाढी करताना सुचलं. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत माझी उत्तरं साधारण याच वेगाने येत राहिली.

हिराताई उंच होत्या, हाडापेराने दणकट. नेसायच्या साडी आणि पायांत मात्र पांढरे कॅनव्हासचे बूट. रोह्याजवळच्या वरसे गावात खोली घेऊन राहायच्या आणि तिथून कंपनीपर्यंत चालत यायच्या. कंपनीची बस त्यांच्या शेजारी थांबायची, ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, आणि त्या त्याला हाताने पुढे जा म्हणायच्या. पर्समध्ये एक छोटी डबी असे. तिच्यात गावचं जाडं मीठ. कँटीनची आमटी पुढे आली की पहिला घास घेऊन त्या डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "पावडर घातलीय. मीठ नाय." मग डबीतला एक खडा आमटीत पडायचा. मला ब्लडप्रेशर निघाल्यावर डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तेव्हा घरातलं कोणी गेल्यावर भेटायला आलेले लोक बघतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोट पुढे आल्यापासून ऑफिसने माझं नाव अप्पा केलं होतं. "अप्पा," त्या म्हणाल्या, "जेवन बंद करा, मीठ बंद करू नका."

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. "बाजू बदला, मग बोला." डोंगराच्या भांडणातून ते निघालं आणि पुढे त्यांनी ते सगळ्या कंपनीला लावलं. एक सुपरवायझर एकदा तणतणत आला, की अमुक माणूस रोज उशिरा येतो, त्याचा खाडा मांडा. हिराताईंनी त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि पुढची शिफ्ट भरायच्या वेळेपर्यंत उठू दिलं नाही. त्या खिडकीतून गेट दिसायचं. तो अमुक माणूस वेळेवर येऊन गेटावरच्या रांगेत उभा होता आणि वॉचमन एकेकाचा डबा उघडून बघत होता. सुपरवायझर मुकाट्याने उठला. मला हे इतकं आवडलं की मी मोठ्याने हसलो. लगेच त्या म्हणाल्या, "अप्पा, उद्या तुमी बसा हितं." दुसऱ्या दिवशी दिवसभर मी त्यांच्या खुर्चीत बसून डोंगर बघितला आणि त्या माझ्या खुर्चीत बसून लोखंडी कपाट बघत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "दिसली काय नवरी?"

"दिसली. पुढची."

"मग परवा बी बसा," त्या म्हणाल्या. मी आठवडाभर बसलो. खुर्ची चांगली होती, वाराही यायचा.

मग स्मार्टफोन आले. पुण्याहून नवा आलेला एक इंजिनियर मोठ्या उत्साहाने हे भांडण मिटवायला आमच्या टेबलाशी आला. नकाशा काढून, बोटांनी मोठा करून त्याने दाखवलं, की रोह्याकडचा माथा उंच आणि पेणकडचा ठेंगणा. मी तर पेढेच वाटणार होतो. हिराताईंनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि त्याला विचारलं, "हा फोन कुनाच्या अंगनातून बघतो?"

"वरून बघतो, मॅडम. सॅटेलाइट."

"वरून बघणाऱ्याला काय, सगळेच बुटके," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला. इंजिनियर हसला आणि गेला. मी मात्र त्या दिवशीचा विजय अजून माझ्या खात्यावर धरतो.

सगळ्यात वाईट हरलो तो कोलाडला, एका लग्नात. आमच्या ऑफिसच्या तुकाराम शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. ऐन वेळी नवरीची करवली तापाने फणफणली. कऱ्हा घेऊन मागे उभं राहायला कोणी मुलगी मिळेना. बायकांची कुजबुज सुरू झाली. हिराताईंनी विचारलं, "लगीन न झालेलीच पायजे ना? मग मी हाय की."

मंडपातल्या माना एकदम वळल्या. पन्नाशीची बाई. त्यांचं लग्न का झालं नाही हे कोणी विचारलं तर त्या "मीठ झाकता झाकता राहून गेलं" म्हणायच्या आणि विषय संपवायच्या. पण हे असं भर मांडवात स्वतःच्या तोंडाने? त्यांनी कोणाची वाट बघितली नाही. कऱ्हा उचलला, त्यावरचा नारळ नीट बसवला आणि नवरीमागे जाऊन उभ्या राहिल्या. नवरी होती बुटकी. मागे हिराताई, सहा फुटांना जरा कमी, पायांत कॅनव्हास. व्हिडिओवाल्याला कॅमेरा कोणावर धरावा कळेना. नजर अधू झालेल्या एका म्हाताऱ्या पाहुणीने तर सरळ हिराताईंच्याच डोक्यावर अक्षता टाकून त्यांना पोराबाळांचा आशीर्वाद दिला. हिराताई इतक्या हसल्या की कऱ्ह्यातलं पाणी सांडलं. मी कुठे बघावं ते न कळून जिलबीकडे बघत बसलो. पंगतीत त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बघा अप्पा. लांबून बघणाऱ्याला नवरी कंची दिसली?"

मी म्हणालो, "व्हिडिओ आल्यावर सांगतो." हे उत्तर मला त्या मानाने लवकर सुचलं.

पण या सगळ्या भांडणाखाली एक दुसरी गोष्ट होती आणि ती मला फार वर्षं माहीत नव्हती. रोज दुपारी जेवणानंतर त्यांना गावाहून आईचा फोन यायचा. आईला ऐकायला कमी यायचं म्हणून हिराताई ओरडून बोलायच्या आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जायचं. "नाय गो आये, आज नाय घेतला. मोकळी हाय." किंवा, "व्हय, घेतलाय. जरासाच." आम्हाला वाटायचं, मिठासाठी चौकशी चालली आहे. एकदा मी सहज विचारलं, या वर्षी मीठ किती निघालं. हिराताई म्हणाल्या, "कसलं मीठ? बांध फुटून कैक वरसं झाली. मिठागरात आता तिवरांचं रान हाय."

"मग आई रोज काय विचारतात?"

"तिचे डोळे गेले, अप्पा. तिला नवरी दिसत नाय. म्हनून मी बघून सांगते." मग त्या म्हणाल्या, "ती अजून एक विचारते. म्हनते, जल्मभर आपन नवरीला बघितली. नवरीला आपलं घर दिसत असंल काय गो? मी काय सांगू? मी कुठं वर गेलेय?"

त्या दिवशी मी भांडलो नाही. मला रडू येईल असं वाटलं आणि ऑफिसात रडणं मला जमत नाही, म्हणून मी स्टेपलरमध्ये पिना भरत बसलो.

त्यांच्या निवृत्तीचा महिना आला तेव्हा गुडघे पार गेले होते. रामवाडीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, मग घरातल्या घरात छान चालाल. ऑफिसने शाल-श्रीफळाचं विचारलं. हिराताई म्हणाल्या, "शाल नको. घरातल्या घरात चालायच्या आधी मला एकदा वर न्या." आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "अप्पा मंडळाचे अध्यक्ष हायत ना?"

हे मंडळ म्हणजे आमचं रविवार भटकंती मंडळ. त्याचा संस्थापक, अध्यक्ष आणि ग्रुप ॲडमिन मी. मंडळाचा कार्यक्रम असा, की सकाळी गाडीने कोलाडपर्यंत जायचं, हॉटेलात मिसळ आणि कांदाभजी खायची, तिथून दिसणाऱ्या डोंगरांचे फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकून खाली लिहायचं, "चढाईला सुरुवात." चढाईचा शेवट कोणी विचारत नसे. हिराताईंना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी मला मुद्दाम पकडलं होतं. मी छाती काढून हो म्हणालो आणि घरी जाऊन बायकोला बाम कुठे आहे ते विचारलं.

थंडीतल्या एका सकाळी आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत पोचलो. शेतात वाल फुलला होता. काशिनाथ नावाचा शेतकरी वाट दाखवायला तयार झाला. मी त्याला अध्यक्षांच्या आवाजात विचारलं, "नवरीवर जायचंय. तुम्ही नवरी कुठलीला म्हणता?"

"कंची नवरी?" काशिनाथ म्हणाला. "आमी दोघींना सासू-सून म्हनतो."

हिराताई आणि मी एकमेकांकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही भांडलो आणि ज्यांच्या परसात तो डोंगर होता त्यांच्याकडे लग्न केव्हाच उरकून संसार सुरू झाला होता. "सासू कंची मग?" हिराताईंनी विचारलं.

"पावसात दगड टाकते ती," काशिनाथने कातळाकडे हात केला. हिराताई वाटेतल्या बांधावर बसून हसल्या आणि आम्हाला निघायला उशीर झाला.

वर जायच्या दोन वाटा होत्या. मी म्हणालो, आधी उंच माथा, म्हणजे खरी नवरी. मला एवढ्या वर्षांचा निकाल लावून घ्यायचा होता. हिराताईंनी काठी उचलली. काठी टेकत, एकेक गुडघा हाताने उचलल्यासारखा करत त्या चढत होत्या. त्या थांबल्या की मी थांबत होतो, आणि त्या थांबत नव्हत्या तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो. त्या दिवशी माझी नाडी फार वेळा सुटली.

माथ्यावर पोचलो. पलीकडे, खिंडीच्या पार, करवली उभी होती आणि ती स्पष्टपणे खाली होती. लहान मुलालाही कळावं एवढी खाली. मला धाप लागली होती, तरी मी हात लांब करून म्हणालो, "बोला आता."

हिराताईंनी नीट बघितलं. "हाय. ही उंच हाय. मानलं."

जन्मभर ज्याची वाट बघितली तो क्षण आला, तर मला बसायला दगड सापडेना. हिराताई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या पेणच्या दिशेला बघत होत्या. त्यांच्या गावाच्या नेमकी समोर करवली आडवी उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंनी जेवढा खारेपाट दिसायला हवा होता तोही नुसता पांढरा होता. थंडीची धुरकट हवा इतकी दाट, की खाडी कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नव्हतं.

"हिला काय दिसतच नाय," हिराताई हळूच म्हणाल्या. "ही तर तिच्या पाठीमागं हाय." मग काशिनाथला विचारलं, "त्या कातळावर जाता येतं?"

"येतं. पन हातपाय टेकून."

आम्ही खिंडीत उतरलो. तिथून कातळ जवळून दिसला आणि माझ्यातला अध्यक्ष तिथेच संपला. मी म्हणालो, "ताई, हवा खराब आहे. तिथूनही काही दिसणार नाही. गुडघ्याला काही झालं तर?"

"आये फोनपाशी बसलीय," त्या म्हणाल्या. त्यांनी साडीचा काष्टा मारला, काठी माझ्या हातात दिली आणि काशिनाथच्या मागे कातळाला हात लावला.

"मी सामान सांभाळतो," मी म्हणालो. सामान म्हणजे ती काठी आणि पाण्याची एक रिकामी बाटली.

पुढचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. त्या चढत नव्हत्या, कातळाशी झुंजत होत्या. एका ठिकाणी त्यांचा पाय सुटला, खडे घरंगळत माझ्यापर्यंत आले, काशिनाथने त्यांचा दंड धरला. मी खालून ओरडलो, "ताई, या परत!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला त्यांचा राग आला, भीती वाटली आणि इतकं प्रेम वाटलं की मी त्या काठीला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. मग त्यांचे पांढरे बूट कातळाच्या काठावरून वर गेले आणि दिसेनासे झाले. थोड्या वेळाने त्या माथ्यावर उभ्या दिसल्या, माझ्याकडे पाठ करून.

त्यानंतरही त्या मला भेटल्या, ऑपरेशननंतर वॉकर घेऊन घरातल्या घरात छान चालतही होत्या. पण हिराताई म्हटलं की मला त्या तिथल्याच दिसतात. फोन कानाला, आणि नेहमीसारखं ओरडून बोलणं, की सगळी खिंड भरून गेली.

"आये! मी हिरू गो! व्हय, वर हाय. नवरीवर हाय."

तिकडून तो नेहमीचा प्रश्न आला असावा.

"दिसतं गो! समदं दिसतं. खाडी दिसते, देऊळ दिसतं. आपलं घर बी दिसतं."

त्या पांढऱ्या धुरकटीत घर दिसणं शक्यच नव्हतं. खाडीसुद्धा दिसत नव्हती.

"तू दारात ये. दारात ये गो. आलीस? आता नवरीकडं तोंड कर आन् हात कर!"

तिकडे कुठेतरी एक आंधळी म्हातारी दारात उभी राहून हात हलवत असणार. इकडे हिराताईंनी आपला लांब हात वर केला आणि त्या हलवत राहिल्या. खूप वेळ हलवत राहिल्या.

"दिसलीस गो!" त्या ओरडल्या. "दिसलीस!"

खिंडीत माझ्यासमोर नुसता काळा कातळ होता. तरी मी काठी खाली ठेवली, उभा राहिलो आणि हात केला.